बारशाला लावलेलं गाणं

पाळणा हलत होता, स्पीकरवरचं गाणं दुसऱ्या कडव्यावर आलं होतं, आणि विहीणबाईंनी खाली वाकून बाळ उचललं. दुपट्यासकट उचललं, कोणाकडेही न बघता आतल्या खोलीत गेल्या आणि कडी लावली. एवढ्या गाण्यातही मला ती कडी ऐकू आली. पाळणा रिकामाच झोके घेत राहिला. रिकामा पाळणा हलू देऊ नये, हे हॉलमधल्या प्रत्येक बाईला माहीत होतं, पण हात पुढे करायचं कोणालाच सुचेना. शेवटी माझ्या मुलीनं, म्हणजे बाळाच्या आत्यानं, दोरी धरून तो थांबवला.

आमची सून तमिळ आहे. पुण्यात एकाच कंपनीत असताना तिची आणि मुलाची ओळख झाली, लग्न झालं, आणि आता दोघं नाशिकला आमच्याकडेच राहून घरून काम करतात. तिची आई मदुराईकडच्या एका खेड्यातली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं असं ठरलं होतं, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं. मग माहेरच इकडे आलं. विहीणबाई आमच्या पंचवटीतल्या घरी राहिल्या, आणि महिनाभरात आमच्या स्वयंपाकघराला वेगळाच वास लागला. त्यांना मराठी येत नाही, मला तमिळ येत नाही. मोडक्या हिंदीत आमचं भागायचं. त्या मला ‘संबंधी’ म्हणायच्या. त्यांच्याकडे विहीण-व्याह्यांना असंच म्हणतात. मला तो शब्द आवडला, कारण तो आमचाही आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. त्यांचे यजमान गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बारशाच्या वेळी आपण पुढे बसायचं नाही, असं त्या पहिल्यापासून म्हणत होत्या. मी ऐकलं नाही. मी असलं काही मानत नाही. मी सुनेला सांगितलं, ‘अम्मांना सांग, पाळण्याची दोरी पहिल्यांदा त्यांच्या हातात देणार, नाहीतर बारसंच करणार नाही.’ त्या दोन दिवस नको नको म्हणत राहिल्या आणि मग तयार झाल्या. येवल्याहून आणलेली साडी त्यांनी नेसली, आणि दोरी हातात घेतली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी पहिल्यांदाच पाहत होते.

गाणं लावायची कल्पना माझ्या भावाची. तो विंचूरला एका कारखान्यात नोकरीला आहे आणि गाण्याबजावण्याची त्याला भारी हौस. घरात कुठलंही कार्य असलं की त्याचा स्पीकर आणि त्याचा पेनड्राइव्ह आधी पोचतात, तो मागाहून. विहीणबाईंना एकदम आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून त्यानं एक तमिळ पाळणा शोधून आणला होता. आमच्या बायकांचे पाळणे म्हणून झाले की हा लावायचा, असं त्याचं आणि माझ्या मुलाचं ठरलं. मलाही त्यांनी सांगितलं होतं. सुनेला सांगितलं नाही, कारण ती आईला सांगेल.

गाणं सुरू झालं. एकट्या बाईचा आवाज, मागं वाद्य नाही म्हटलं तरी चालेल. संथ, जुना आवाज. शब्द कळत नव्हते, पण कोणीतरी कोणाला तरी सोन्या-माणका म्हणून हाक मारतंय एवढं कळत होतं. आमच्या बायका माना डोलवायला लागल्या. विहीणबाईंचा दोरीवरचा हात पहिल्या कडव्यात चालू होता, फक्त हसू गेलं होतं. आपण ऐकतोय ते खरंच आहे का, याची त्या खात्री करून घेत असाव्यात, असं मला आज वाटतं. दुसऱ्या कडव्याला हात थांबला.

त्या आत गेल्यावर भाऊ मला म्हणाला, ‘ताई, बघितलंस? भरून आलं त्यांना. गाव आठवलं असणार.’

आणि त्यानं आवाज वाढवला.

निफाडहून आलेल्या माझ्या चुलतसासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, ‘भरून आलं तं कडी कशाला लावती बाई? लय कडक दिसती तुझी विहीण.’

तेवढ्यात सून उठली. तिनं स्पीकरची वायर भिंतीतून उपटली. ती एरवी मामांशी खाली मान घालून बोलते. तेव्हा सरळ बघून म्हणाली, ‘मामा, हे मयताचं गाणं आहे.’

भावाच्या हातात रिमोट तसाच राहिला.

‘नवरा मेल्यावर बाई गाते ते,’ सून म्हणाली. ‘ओप्पारी म्हणतात त्याला. प्रेत दारात असताना गातात. ती म्हणतेय की माझ्या हातातल्या बांगड्या गेल्या, आता उंबऱ्यात कोणाची वाट बघू.’

घुगऱ्या वाटायच्या राहिल्या. बायका एकेक करून चपला घालून गेल्या. जाताना नेहमी जे बोलतात ते कोणी बोललं नाही. बाळाच्या कानात नाव सांगून झालं होतं, एवढंच त्या बारशाचं पुरं झालं.

विहीणबाई संध्याकाळी बाहेर आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. सुनेशी तमिळमध्ये थोडंसं बोलल्या आणि पुन्हा बाळाशेजारी जाऊन बसल्या. सून आमच्यासमोर उभी राहिली. माझ्या मुलानं पाणी दिलं.

‘अम्मा म्हणते, मी नको म्हणत असताना मला पुढे बसवलं. सगळ्यांच्या मधे बसवलं, आणि मग हे लावलं. चुकून असं होत नाही, असं ती म्हणते. आणि...’ ती थांबली. ‘तिकिटं काढायला सांगितलीत. तिचं, माझं आणि बाळाचं.’

‘तू काय म्हणालीस?’ मुलानं विचारलं.

‘मी काय म्हणणार? मला माहितेय तुम्ही मुद्दाम केलं नाही. पण ते गाणं माझ्या पोराच्या पाळण्यावर वाजलं. ती एकटी रडत गावाला जाईल आणि मी इथं राहीन, असं नाही होणार माझ्याच्यानं.’

‘मुद्दाम’ हा शब्द मला झेपत नव्हता. ज्या बाईला मी हट्टानं मानाच्या जागी बसवलं, तिला वाटत होतं की मी तिला त्यासाठीच बसवलं. आणि खरं सांगायचं तर तिच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. घटना एकापुढे एक मांडल्या की तसाच हिशेब लागत होता.

मी एका शिक्षणसंस्थेच्या लेखा विभागात आहे. माझं काम जुळवणी करायचं. कुठे काही चुकीचं दिसलं की ते आलं कुठून, हे बघायची मला सवय आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावाला समोर बसवलं.

‘हे गाणं कुठून आणलंस?’

‘नेटवरून.’

‘नेट म्हणजे कुठून?’

‘अगं एक साइट आहे. सगळ्या भाषांतली गाणी मिळतात. सगळे तिथूनच घेतात.’

‘विकत?’

‘विकत कोण घेतं आता? फुकट आहे.’ मग माझा चेहरा बघून म्हणाला, ‘ताई, सिनेमातलं नाहीये ते, लोकगीत आहे. लोकगीत काय कोणाच्या बापाचं असतं?’

‘नसेल. पण माइकसमोर बसून ते गायलं त्या बाईला पैसे कोणी दिले?’

‘आता तिला कुठं शोधू मी?’

‘साइट दाखव.’

त्यानं दाखवली. पानभर पत्त्यांच्या खेळाच्या आणि झटपट कर्जाच्या जाहिराती, आणि त्यांच्यामधून वाट काढत गाण्यांची यादी. ‘तमिळ लोरी’ असं एक सदर होतं आणि खाली नुसते आकडे. गाणाऱ्याचं नाव नाही, गावाचं नाव नाही, गाणं कधी म्हणतात ते नाही. मला तमिळ कळत नाही, म्हणजे ती यादी बरोबर की चूक हे मला तपासता येणार नव्हतं. अशा वेळी जे कळतं तिथं तपासायचं असतं. मी म्हटलं, ‘मराठीचं उघड.’

मराठीतही ‘पाळणागीते’ असं सदर होतं. पहिलंच लावलं. ते खंडोबाच्या जागरणातलं निघालं. पुढचं, आमच्याकडे अंत्ययात्रेत म्हणतात त्यातलं एक भजन. त्याच्या पुढचं उसाच्या रसाच्या गाड्यावर वाजतं तसलं काहीतरी. ‘लग्नगीते’ उघडलं तर तिथे एक फक्कड लावणी. भाऊ आधी हसला आणि मग हसायचा थांबला.

‘म्हणजे त्यांच्याकडे कोणी हे वाजवलं तर...’ तो म्हणाला.

‘हो. मदुराईला कोणीतरी मराठी सुनेच्या बाळासाठी हौसेनं हे भजन लावेल.’

मला हे फार भयंकर वाटलं. चोरी वाईट हे मला लहानपणापासून माहीत आहे, त्यात नवल नव्हतं. पण चोरानं माल नेताना त्याच्यावरची चिठ्ठी फाडून टाकावी, आणि मग मन मानेल ती चिठ्ठी चिकटवून औषध म्हणून विष आणि विष म्हणून औषध वाटत सुटावं, याची मी कल्पनाच केली नव्हती. आणि आमच्यासारखे लोक ते दोन्ही हातांनी घेत होते, कारण दारात आणून देतात आणि पैसे मागत नाहीत.

मी हे सगळं सुनेला दाखवलं. तिनं मराठी सदरातलं ते भजन ऐकलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला पटलं. पण ती म्हणाली, ‘अम्माला हे दाखवून काय होणार, आई? तिला मराठी भजन आणि मराठी पाळणा सारखेच.’

मग तिनंच दुसरी वाट काढली. तिच्या फोनवर गाण्यांचं वर्गणी भरून घेतलेलं ॲप आहे. महिन्याची वर्गणी म्हणाल तर आम्ही घरचे सगळे एकदा मिसळ खायला गेलो तर त्याहून जास्त खर्च होतो. त्यात तिनं गाण्याचे शब्द लिहून शोध घेतला. थोडा वेळ गेला, पण गाणं सापडलं. तिकडच्या एका खेड्यातल्या शेतमजूर बायकांच्या गटानं मिळून केलेला संग्रह होता. लावणीची, म्हणजे भातलावणीची गाणी वेगळी, फेर धरून टाळ्या वाजवत म्हणायची वेगळी, पाळणे वेगळे, आणि सगळ्यात शेवटी ओप्पारी. प्रत्येकाखाली गाणाऱ्या बाईचं नाव. आमच्या घरी वाजलेलं गाणं त्या शेवटच्या भागात होतं.

‘हेच ना?’ मी विचारलं.

‘हेच. आवाज तोच.’

पण मला एक खटकलं. भावाच्या पेनड्राइव्हवरचं गाणं लहान होतं आणि हे मोठं. पाऊण मिनिटाला थोडा कमी एवढा फरक. फरक दिसला की तो कशाचा आहे हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. मी भावाला त्याचं लावायला सांगितलं. सुरुवातीला एक पुरुषी आवाज त्या साइटचं नाव इंग्रजीत घेत होता, मागं टिंगटिंग, आणि मग एकदम गाणं.

‘हे काय आहे?’

‘मला वाटलं स्टुडिओचं नाव असेल,’ भाऊ म्हणाला. ‘बारशाला तेवढं पुढं ढकललं होतं मी.’

मग सुनेनं ॲपवरचं पहिल्यापासून लावलं. त्यात गाण्याच्या आधी ती बाई बोलत होती. गात नव्हती, साधं बोलत होती, शेजारणीशी बोलावं तसं. सुनेचा हात तोंडावर गेला.

‘काय म्हणतेय?’

तिनं पुन्हा सुरुवातीला नेलं आणि थांबवत थांबवत सांगितलं. ‘हे मरणाच्या दारातलं गाणं आहे. माझ्या नवऱ्यासाठी मी गायले होते, तसं इथं गाते. ऐकणाऱ्या घरात पाळणा असेल, कोणी पोटुशी असेल, तर बायांनो, आत्ता बंद करा. नंतर कधीतरी ऐका.’

एवढं बोलणं पाऊण मिनिटाचं होतं. तेवढंच कापलं होतं. तिथे साइटचं नाव घातलं होतं.

मी जागेवरून उठले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली भाजीच्या गाड्या, रिक्षा, नेहमीचा गोंधळ चालू होता. त्या बाईला कुठून कळलं असेल की आमच्यासारखं एखादं घर असेल? तिनं आमच्यासाठीच सांगून ठेवलं होतं. अगदी आमच्याच घराला. आणि कोणीतरी, बहुतेक कुठल्या यंत्रानंच, हे बोलणं म्हणजे गाणं नव्हे, म्हणून ते उडवलं.

भाऊ आत डोकं धरून बसला होता. तो मला एवढंच म्हणाला, ‘ताई, मी आवाज वाढवला होता गं.’



दुपारी सून फोन घेऊन आईजवळ गेली. मी दाराशी उभी राहिले. विहीणबाईंनी आधी फोन हातानं बाजूला सारला. बाळ मांडीवर होतं. सुनेनं सांगितलं असावं की गाणं लावत नाही, फक्त बोलणं लावते. त्यांनी बाळ सुनेकडे दिलं, तिला बाहेर जायला सांगितलं, आणि फोन कानाला लावून त्या बाईचं बोलणं एकट्यांनी ऐकलं. ऐकून झाल्यावर फोन उलटा करून चादरीवर ठेवला. त्यांचे डोळे भरले होते, पण माझ्याकडे बघितलं ते सरळ.

मला वाटलं होतं की हे ऐकलं की सगळं मिटेल. मी मनात त्याची जुळवणी करून ठेवली होती: गाणं चोरीचं, नाव खोटं, सूचना कापलेली, म्हणून आमचा हेतू स्वच्छ.

त्या म्हणाल्या, ‘संबंधी, मैं किचन में थी.’

मला कळलं नाही.

‘एक महीना मैं आपका किचन में थी. आपका भाई पूरा दुनिया में गाना ढूँढा. मेरे को पूछा नहीं.’ मग त्यांनी बोटानं माझ्याकडे दाखवलं. ‘आप भी पूछा नहीं. तालाट्टु मैं जानती है. मेरा माँ का है, उसका माँ का है.’

तालाट्टु म्हणजे पाळणा, हे मला त्या क्षणी कळलं. महिनाभर एका घरात राहून मला त्यांच्या भाषेतला पाळण्याचा शब्द माहीत नव्हता. तीन पिढ्यांचे पाळणे पाठ असलेली बाई माझ्या ओट्याशी उभी राहून चिंच कोळत होती, आणि आम्ही तिला आनंद द्यायला म्हणून एका चोराच्या दुकानात गेलो. बारशाच्या दिवसापेक्षाही या वाक्यानं मला जास्त हादरवलं. गाण्याचं खापर मी त्या साइटवर फोडू शकत होते, आणि फोडलंही होतं. याचं कोणावर फोडणार?

मी म्हटलं, ‘नहीं पूछा.’

आम्ही आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून विचारलं नाही, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

त्यांनी सुनेला हाक मारली आणि तमिळमध्ये काहीतरी सांगितलं. सून माझ्याकडे बघून अर्धवट हसली. ‘आई, मामांना बोलवा म्हणतेय. फोन घेऊन.’

भाऊ आत येऊन जमिनीवर मांडी घालून बसला. पन्नाशीचा माणूस, पण मुख्याध्यापकांसमोर उभं केल्यासारखा दिसत होता. विहीणबाईंनी सुनेच्या मार्फत त्याला सांगितलं की ज्या बायकांचं गाणं तू उचललंस, त्यांचेच पाळणे लाव, त्यांच्याच दुकानातून. सुनेनं ॲपवरचा तो संग्रह उघडून दिला. वर त्या बायकांच्या गटाच्या स्वतःच्या व्हिडिओंचा दुवाही होता, तिथे ते फुकट ऐकता येतं आणि तरी चोरी होत नाही, हे कळल्यावर भाऊ माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, ‘म्हणजे फुकटही होतं.’

‘होतं,’ मी म्हटलं. ‘आणि खाली सगळं लिहिलेलंही होतं.’

पहिला पाळणा लागला. विहीणबाईंनी थोडा ऐकून मान हलवली. सून म्हणाली, ‘मामा खूप श्रीमंत आहे आणि चांदीचा पाळणा पाठवतोय, असं आहे.’ सगळ्यांनी भावाकडे बघितलं. त्यानं फोन पुढे सरकवला. दुसरा पाळणा विहीणबाईंना आवडला, पण तो त्यांच्याकडचा नव्हता, नदीच्या पलीकडच्या लोकांचा होता. त्यांच्यात चाल वेगळी. तिसरा लागल्यावर त्या चौथ्या-पाचव्या शब्दाला त्या बाईच्या बरोबर म्हणू लागल्या, मग तिच्या पुढे गेल्या, मग कपाळाला आठ्या घालून भावाला हातानं खूण केली. बंद कर.

त्यांनी सुनेकडून बाळ घेतलं. बारशापासून त्यांनी ते पाळण्यात ठेवू दिलं नव्हतं. त्या हॉलमध्ये आल्या, पाळण्यात हात फिरवून गादी सारखी केली आणि बाळाला ठेवलं. ठेवता ठेवता सुनेला एक वाक्य सांगितलं, वर न बघता.

‘काय म्हणाल्या?’ मुलानं विचारलं.

‘तिकीट तिचं एकटीचं काढ म्हणतेय. महिनाअखेरचं.’ मग सुनेला एकदम रडू आलं आणि ती नाक पुसत स्वयंपाकघरात गेली.

विहीणबाई गायला लागल्या. आवाज काही फार चांगला नव्हता, वरच्या सुराला फाटत होता. मी पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला खुर्ची ओढून बसले. एक ओळ झाली की मी विचारायची, ‘इसका मतलब?’ त्या एकदा सांगत, दोनदा सांगत. तिसऱ्यांदा म्हणाल्या, ‘संबंधी, पहले बच्चा सोने दो.’

भाऊ दाराला टेकून उभा होता. त्याचा हात सवयीनं खिशात गेला, फोन बाहेर आला. तो तसाच थांबला. मग त्यानं लांबूनच फोन दाखवून खुणेनं विचारलं, भरून घेऊ का?

गाता गाताच त्यांनी मानेनं नको म्हटलं. त्यानं फोन खिशात टाकला आणि ऐकत उभा राहिला.